फोनवर मराठी लिहावे कसे?



संत्र्याला आंबियाची फळगळ लागली की वरूड भागातून फोनवर चौकशा सुरू होतात. पुष्कळ मजकूर मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असतो. त्यात 'एम-ए-एल' लिहिले तर ते माल, माळ की मळ? 'झाड वाळत आहे' आणि 'झाड वळत आहे' यांचे स्पेलिंग एकच होते. वाचणाऱ्याने अंदाज बांधायचा आणि औषध सांगायचे, हे बरे नव्हे. म्हणून देवनागरीतच लिहावे.

पहिली गोष्ट, फोनच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची भाषा 'मराठी' निवडावी. हिंदीवर भागते असे काहींना वाटते. पण मग शब्द हिंदीतले सुचवले जातात आणि 'कोळशी'तला 'ळ' शोधत बसावे लागते. पांढुर्ण्याकडच्या व्यापाऱ्याशी हिंदीत लिहायचे असेल तर दोन्ही भाषा ठेवाव्या. बहुतेक कीबोर्डवर पृथ्वीगोलाच्या खुणेने भाषा बदलते.

आता लिहायचे कसे? कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवणे सोपे जाते. मात्र ल-ळ, न-ण नीट पाहून घ्यावे. जिचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्या सूनबाईने ही उलटी वाट का धरावी? तिने मराठी अक्षरांचाच कीबोर्ड घ्यावा. १९८६ साली सरकारने ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे असतात. आठ-पंधरा दिवस बोट अडखळते, मग बसते. मुंबईच्या आयआयटीने २०१३ साली 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड काढला. त्यात 'क' दाबला की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमटे. बाराखडी येणाऱ्याला याहून निराळे काय शिकायचे? मला स्वतःला ती कल्पना फार आवडली.

आजोबांसाठी मात्र बोलून लिहिणेच बरे. गूगलने २०१७ पासून मराठीत ही सोय दिली आहे. माइकच्या खुणेवर बोट ठेवून सावकाश बोलावे. मोटारपंपाजवळ उभे राहून बोलू नये, शब्द भलतेच उमटतात. आपल्या वऱ्हाडी बोलीतले शब्दही ते यंत्र पुष्कळदा बदलून टाकते.

आणि आकडे? ते कधीही बोलून सोडून देऊ नयेत, बोटाने लिहावे. बोर्डो मलमाला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी लागते. ते खोडाला लावायचे. एक टक्का बोर्डो मिश्रणाला मोरचूद-चुना तेवढाच, पण पाणी १०० लिटर, ते फवारायचे. निरोपात एक शून्य गळाले तर मलमाचे प्रमाण पंपात जाईल आणि कोवळी पालवी करपेल. तेव्हा निरोप पाठवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. औषधाचे नाव तर लिहूच नये, डब्यावरच्या लेबलाचा फोटो काढून पाठवावा.