निदानाची मालकी कोणाची?

‘क्षय हा दारिद्र्याचा रोग आहे, त्यावर उपाय म्हणजे पोटभर अन्न, हवेशीर घर आणि पुरेशी मजुरी. मग यंत्रांचे स्तोम कशाला?’ असा युक्तिवाद आपल्याच काही मित्रांकडून ऐकू येतो. त्याचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र घातक आहे. कारण निदानावाचून राहिलेला रोगी मजुरीही गमावतो आणि घरादाराला रोगही देतो.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यास एक मिलिलिटर थुंकीत किमान ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. जंतूंचे कल्चर याहून तीक्ष्ण खरे, परंतु त्यास कित्येक आठवडे लागतात; आणि लहान मुलांचा वा मेंदूच्या आवरणाचा क्षय, जेथे जंतू मुळातच विरळ, तेथे तेही पुष्कळदा निरुत्तर होते. रेणवीय चाचणी जंतू वाढण्याची वाट पाहत नाही. त्याच्या डीएनएचा अंश बहुगुणित करून ती सुमारे दोन तासांत रोग ओळखते, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा जंतूही ओळखते. कल्चरच्या हातून निसटलेले काही रोगीही तिला सापडतात. ती सर्वज्ञ नव्हे: मेलेला जंतूही ती दाखविते, आणि ‘जंतू नाही’ या तिच्या उत्तराने रोग नाही असे सिद्ध होत नाही. कल्चर मोडीत काढा, असे कोणी म्हणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘एक्सपर्ट’ चाचणीची शिफारस २०१० साली केली. तरी २०२३ साली जगात नव्याने नोंदलेल्या क्षयरोग्यांपैकी केवळ ४८ टक्क्यांना प्रारंभी शीघ्र रेणवीय चाचणी मिळाली. हा विज्ञानाचा पराभव नव्हे, मालकीचा प्रताप होय. चाचणीच्या घडणीत अमेरिकी जनतेचा पैसा लागला. काडतुसाची किंमत मात्र कंपनीने ठरविली. गरीब देशांसाठी २०१२ पासून सुमारे १० डॉलर असलेली ती किंमत २०२३ साली, जागतिक मोहिमेच्या रेट्यानंतर, ८ डॉलरच्या किंचित खाली आली. रेट्याने जी उतरते ती किंमत निसर्गनियम कशी?

२०२० साली त्याच संघटनेची मान्यता मिळविणारे, बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ गोव्यातील कंपनीचे आहे. म्हणजे कौशल्य देशात आहे. पण मालक देशी झाल्याने नफ्याचा नियम बदलत नाही. सार्वजनिक उत्पादन आणि उत्पादनखर्चाचा जाहीर हिशेब, याच आपल्या मागण्या असल्या पाहिजेत.

आणि कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन तीन प्रश्न विचारावेत: यंत्र आहे काय? चालू आहे काय? काडतुसे शिल्लक आहेत काय? अन्नाचा लढा आणि निदानाचा लढा वेगळे नाहीत.