परक्या ओसरीवरचा संसार

दिव्याच्या स्थानकावरून एक लोहमार्ग वसईकडे फुटतो, दुसरा पनवेलकडे. आणि पारसिकच्या डोंगरापलीकडे ऐरोली-महाप्याच्या बाजूस जगाच्या माहितीचीं प्रचंड कोठारें उभीं आहेत. कोठारें इतकीं जवळ असून आमच्या संस्थांनीं मात्र आपला लिखित संसार परक्याच्या ओसरीवर थाटावा, हें पाहून हसावें कीं रडावें तें समजत नाहीं. कोणत्याही वाचनालयाच्या चालकांस विचारा, तुमचें संकेतस्थळ कोठें आहे? उत्तर ठरलेलें : "एका मुलानें फुकट करून दिलें." तो मुलगा कोठें आहे? परदेशीं. किल्ली कोणापाशीं? येथें सर्वांचें मौन!

यावर विद्वानांचा आक्षेप असा कीं, सर्व्हर आणि डेटाबेस हें कारागिरांचें काम. साहित्यसेवकांनीं त्यांत कां पडावें? असा सोवळेपणा गणपत कृष्णाजींनीं पाळला असता तर १८३१ सालीं त्यांचें मराठी पंचांग छापून निघालेंच नसतें. शाई कशी बनते हें त्यांनीं स्वतःच शोधून काढलें. त्या मानानें आजचें काम किती सोपें! वेबसर्व्हर म्हणजे दारावरचा कारभारी. वाचकानें मागितलेलें पान तो आंतून आणून देतो. डेटाबेस म्हणजे आंतील कोठी. अपाची हा सर्व्हर व मायएसक्यूएल हा डेटाबेस, दोन्ही कित्येक वर्षांपासून लोकांच्या हातीं आहेत आणि त्यांच्या परवान्यास एक पैसाही पडत नाहीं. तेव्हां दारिद्र्याची सबब नको.

दिव्यांतीलच एका संस्थेची कथा सांगतों. मीही तिचा सभासद असल्यानें दोषाचा वांटेकरी आहें. ग्रंथांची विषयवार सूची आम्ही दोन पावसाळे बसून टंकलिखित केली. पुढें ती जुन्या यंत्रावरून नव्यावर हलवितांना कोठीची लिपि कोणती हें कोणीं सांगितलेंच नाहीं. मायएसक्यूएलची २०१८ सालची आठवी आवृत्ति येईपर्यंत, न सांगितल्यास तो पश्चिम युरोपची लिपि धरून चालत असे. त्या कोठींत देवनागरी मावणार कशी? प्रत्येक अक्षराच्या जागीं एकेक प्रश्नचिन्ह बसलें. हीं प्रश्नचिन्हें उलटवून अक्षरें परत मिळत नाहींत. अक्षर गेलें तें गेलेंच. जुनें यंत्र तोंपर्यंत पुसून झालें होतें, आणि विषयांच्या टिपणांसह कार्डें रद्दींत गेलीं होतीं.

अक्षरें वांचलीं तरी क्रमाचा प्रश्न उरतोच. युनिकोडच्या कोष्टकांत ळ हा ल च्या लगेच पुढें, व च्या आधीं बसतो. आपल्या वर्णमालेंत त्याचें स्थान ह च्या नंतर. डेटाबेसला मराठी क्रम सांगितला नाहीं तर अकारविल्हे म्हणून जी यादी निघते ती मराठी नव्हेच. हें कोणत्या कारागिरानें ओळखावें? हें काम व्याकरण जाणणाऱ्याचेंच आहे, आणि तोच अंग चोरतो.

यंत्र वाचनालयाच्या कपाटांतच हवें असा आमचा हट्ट नाहीं. वीज जाते, घरगुती जोडणीचा पत्ताही बदलत राहतो. तेव्हां भाड्याची जागा घ्यावी, त्यांत कमीपणा कसला? परंतु स्थळाचें नांव संस्थेच्या नांवें असावें, किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांपाशीं असाव्यात, कोठीचें दार बाहेरच्या जगास बंद असावें व केवळ कारभाऱ्यास आंतून उघडावें. दररोज रात्रीं एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं जावी आणि ती प्रत उघडते कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें; न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे. जिओसिटीज २००९ मध्यें व ऑर्कुट २०१४ मध्यें मालकांनीं बंद केलें, तेव्हां तेथें राहणाऱ्यांस कोणीं मत विचारलें होतें?

येत्या वार्षिक सभेंत हा ठराव आम्ही मांडणार आहोंत. "आधीं पंखे बदला" अशी उपसूचना येणार हें ठाऊक आहे. पंखेही बदलावेत. दाखल नोंदवहीवरून चाळीस पानें पुन्हा टंकलिखित झालीं आहेत. टिपणें मात्र आठवतील तेवढींच.