विचारण्याची लाज

शिक्षकाच्या पेशांत चौतीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास एक खोड जडते. प्रश्न विचारावयाचे ते त्यानें, आणि उत्तरें द्यावयाचीं तीं इतरांनीं, अशी त्याची समजूत होऊन बसते. निवृत्तीबरोबर शाळा सुटते; ही खोड सुटत नाहीं. तिच्यापायीं माझ्या घरीं जें नुकसान झालें, तें या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. आज पुष्कळ घरांत आजी-आजोबांचीं गाणीं संगणकावर उतरून घेण्याची खटपट चालली आहे. माझ्या चुकीवरून त्यांपैकीं एखादें घर सावध झालें, तरी पुरे.

माझी वडील बहीण अक्का मजहून बारा वर्षांनीं मोठी, सासर चिपळूणचें. मंगळागौरीचीं, डोहाळ्यांचीं, पाळण्याचीं गाणीं आणि जात्यावरच्या ओव्या मिळून चाळीसएक चाली तिला तिच्या सासूबाईंकडून मिळाल्या. शब्द तिच्या वहींत आहेत. चाली मात्र केवळ कंठांत. गेल्या मार्गशीर्षांत ती दोन महिन्यांसाठीं आमच्याकडे आली, तेव्हां त्या चालींचें ध्वनिमुद्रण करावें आणि पुढें स्वरलेखनही करावें, असा बेत मीं केला. पुतण्यानें एक बरा माइक आणून दिला. ध्वनिमुद्रणासाठीं ऑडॅसिटी आणि स्वरलेखनासाठीं म्यूझस्कोर, अशीं दोन सॉफ्टवेअरें संगणकावर बसवून दिलीं. दोन्ही विनामूल्य आहेत. पहिलें तर २००० सालापासून लोकांच्या वापरांत आहे. एवढें करून पुतण्या आपल्या नोकरीच्या गांवीं निघून गेला.

दुपारचीं जेवणें आटोपलीं कीं अक्का माइकपुढें बसे. परंतु पहिल्याच आठवड्यांत माझ्या ध्यानांत आलें, कीं तिचा आवाज विहिरींतून आल्यासारखा येतो आणि त्यामागें पंख्यासारखी एक घरघर सतत ऐकूं येते. कोणास तरी विचारावें, हें सुचलें नाहीं असें नाहीं. समोरच्याच बिऱ्हाडांत नववींत शिकणारी एक मुलगी आहे. तिला या विषयाचा चांगला नाद. पण ज्या मुलीचें संस्कृत मीं घेतों, तिच्यापुढें आपलें अज्ञान कसें उघडें करावें? मग मीं दोष माइकला दिला, भिंतींना दिला, आणि शेवटीं, सांगावयास लाज वाटते, अक्कालाच दिला. ‘‘अक्का, जरा मोठ्यानें म्हण,’’ असें मी रोज म्हणूं लागलों. ती बिचारी मोठ्यानें म्हणे, आणि दोन गाण्यांतच दमून जाई.

अक्का परत जाण्यास आठ दिवस उरले, तेव्हां मीं त्या मुलीस बोलाविलें. ‘‘यावर नीट होत नाहीं,’’ एवढेंच मी बोललों. ती म्हणाली, ‘‘आजोबा, होत नाहीं म्हणजे नक्की काय होत नाहीं? कोणत्या पायरीवर?’’

मी चपापलों. ‘‘सर, गणित येत नाहीं,’’ म्हणणाऱ्या हजारों मुलांस मीं हेंच विचारलें होतें! तिच्यापुढें मीं सारा क्रम करून दाखविला: आधीं ऑडॅसिटी उघडली, मग माइक जोडला, मग तांबडें बटण दाबलें. मुलीनें माइकवर नखानें हलकेंच टकटक केलें. पडद्यावरची रेषा जेमतेम हलली. मग तिनें संगणकाच्या अंगावर टकटक केलें, तों रेषेला मोठालीं शिखरें उठलीं. पुतण्याचा माइक दोन महिने केवळ शोभेपुरता उभा होता. आवाज घेत होता तो संगणकाच्या पोटांतला माइक, संगणकाच्याच पंख्याच्या शेजारीं बसून! कार्यक्रम उघडल्यावर जोडलेलें साधन त्यास आपोआप दिसत नाहीं. तें आधीं जोडावें, किंवा साधनें पुन्हां शोधण्याची आज्ञा द्यावी, आणि मग यादींतून तेंच निवडावें. दुरुस्तीला दहा मिनिटें लागलीं नाहींत.

उरलेल्या आठ दिवसांत अकरा गाणीं पुन्हां नीट घेतलीं. त्या वेळीं शिकलेल्या चार गोष्टी येथें नोंदवितों. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित् बाजूस ठेवावा. आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी असते. तींतील शिखरें उणे बारा ते उणे सहा डेसिबलपर्यंत राहतील असें पाहावें. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुरतेपणीं सांधतां येत नाहीं. पंखा बंद करावा, आणि मोकळ्या भिंतींचा घुमारा मोडण्यासाठीं दोन जाड गोधड्या टांगाव्या. मूळ प्रत वेव्ह स्वरूपांत जपावी. सेकंदास ४४,१०० नमुने आणि सोळा बिट, या मानानें एका मिनिटास सुमारें पांच मेगाबाइट जागा लागते. एमपीथ्री प्रत लहान असते, पण ती आवाजांतील कांहीं अंश गाळून केलेली असते. नातलगांस पाठविण्यास ती पुरे.

स्वरलेखनांतही असाच एक धडा मिळाला. अक्काचें एक गाणें सहा मात्रांचें. मीं तें कितीही काळजीनें भरलें, तरी रकाने जुळेनात. पण आतां विचारण्याची रीत कळली होती. काय करावयाचें आहे, कोणत्या क्रमानें काय केलें, काय व्हावयास हवें होतें, प्रत्यक्षांत काय झालें, आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ति आहे, हें सारें मीं कागदावर मांडलें. मांडतांमांडतांच चूक सांपडली. नवें पान उघडतांना तें सॉफ्टवेअर आपण होऊन चार मात्रांचा रकाना धरतें, आणि मीं तो बदललाच नव्हता! नीट मांडलेला प्रश्न अर्धें उत्तर पोटांत घेऊन येतो, तो असा.

म्यूझस्कोर हें मूळचें पाश्चात्य पांच रेघांच्या लेखनाचें साधन आहे. आपल्या मंडळींनीं पांढरी एक म्हणजे सा मानून स्वर भरावे, खालीं देवनागरींत सरगम आणि शब्द लिहावे, आणि शेवटीं सारें गाणें गाणाऱ्याच्या पट्टींत न्यावें. अक्काची पट्टी काळी चार. मींड आणि कण तेथें खुणेपुरतेच उतरतात. म्हणून मी सोबत भातखंडे पद्धतीची हस्तलिखित प्रतही ठेवितों. आरंभीं पद्धतीचें नांव अवश्य लिहावें. कारण भातखंडे पद्धतींत समेस × आणि खालीस ०, तर पलुसकर पद्धतींत समेस १ आणि खालीस + अशी खूण आहे. नांव नसेल, तर पुढचा वाचणारा फसेल.

पंडित भातखंडे (१८६० ते १९३६) यांची आठवण या निमित्तानें वारंवार झाली. वकिलीची पदवी घेतलेला हा विद्वान् गृहस्थ देशभर हिंडला, आणि चिजा सहजासहजीं न देणाऱ्या उस्तादांपुढें शिष्य होऊन बसला. त्यांनीं विचारण्याची लाज धरली असती, तर आज किती चिजा आपल्यापर्यंत पोंचल्या असत्या?

चैत्रांत अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वांचला, पण वाचा जड झाली, गाणें गेलें. चाळीसांपैकीं अकराच गाणीं स्वच्छ आवाजांत उरलीं. बाकीच्यांतील घरघर सॉफ्टवेअरनें कमी करून पाहिली; पण घरघरीबरोबर आवाजाचा कसही जातो, म्हणून मूळ प्रती तशाच ठेविल्या आहेत. पहिल्या आठवड्यांत मीं तोंड उघडलें असतें, तर चाळीसही मिळालीं असतीं.

आतां मी महिन्यांतून एकदां चिपळुणास जातों. धुरकट मुद्रणावरून लिहिलेली चाल पेटीवर वाजवितों. अक्का डोळे मिटून ऐकते. जेथें माझा स्वर चुकला असेल, तेथें ती उजव्या हाताचें बोट वर करते. मी थांबतों आणि विचारतों, ‘‘कोमल?’’ ती मान हलविते. ‘‘मग शुद्ध?’’ बोट खालीं येतें. मी लिहून घेतों आणि पुढें जातों. अशीं नऊ गाणीं झालीं. वीस राहिलीं आहेत. आतां विचारण्याची लाज मला मुळींच वाटत नाहीं. वेळ मात्र थोडा उरला आहे.