देणगीच्या अर्जात जमीन घालवू नका



दोन महिने झाले, आपल्या तालुक्यातल्या वस्त्यांवर एक छापील अर्ज फिरतोय. एका ट्रस्टने 'समाजोपयोगी कामांसाठी' देणग्या जाहीर केल्या आहेत. हापसा मागा, बालवाडीची खोली मागा, समाजमंदिर मागा. ट्रस्टचं नाव आम्ही छापत नाही, कारण भांडण त्या एका ट्रस्टशी नाही. आज हा आला, उद्या दुसरा येईल. अर्ज सगळ्यांचे सारखेच असतात. आमचं भांडण आहे अर्जातल्या नवव्या रकान्याशी, आणि तो रकाना आपल्या नावानं भरून देणाऱ्या मध्यस्थांशी.

नववा रकाना असा: 'प्रकल्पाची जागा कोणाच्या मालकीची आहे? सात-बारा उतारा किंवा जागामालकाचे संमतीपत्र जोडावे.'

आपल्याकडं सात-बारा असता तर सोसायटीनं कर्ज दिलं असतं, आपली आपण विहीर पाडली असती. सात-बारा नाही म्हणून पाणी नाही. पाणी नाही म्हणून अर्ज. अर्जाला पुन्हा सात-बारा. हे चक्र ज्यानं छापलं त्यानं कधी गायरानात रात्र काढलेली नाही.

पण खरा घात पुढं आहे. सात-बारा नाही म्हटल्यावर मध्यस्थ हसतो आणि म्हणतो, "त्यात काय एवढं? लिहा, जागा ग्रामपंचायतीची हाय. सरपंचाची सही मी आणतो. तुमी फकस्त अंगठा द्या." एका वस्तीवर असे अकरा अंगठे झाले होते. संघटनेच्या पोरांनी तो अर्ज पुढं जायच्या आत परत आणला. का आणला, ते नीट समजून घ्या, कारण हे प्रत्येक वस्तीवर होणार आहे.

28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आपण सगळ्यांनी बैठकीत वाचलाय. सरकारी पड आणि गायरान जमीन 14 एप्रिल 1990 पर्यंत ज्या मागासवर्गीय भूमिहीनांनी कसायला घेतली होती, त्यांचं अतिक्रमण नियमित करायचं, असं सरकारनंच म्हटलंय. ही भीक म्हणून मिळालेली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या मागं 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली, त्याच्यानंतरही मोर्चे निघत राहिले, तेव्हा सरकार इथवर आलं. आता आपल्याला एवढंच दाखवायचंय की त्या तारखेला आपण तिथं होतो, नांगर आपला होता. त्यासाठी गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद हवी, दंडाची पावती हवी, तलाठ्याचा पंचनामा हवा. या कागदांसाठी आपण तलाठ्याच्या दारात किती हेलपाटे घातले ते आठवा. दंडाची पावती लोक लाजेनं फाडून टाकायचे. तीच पावती सगळ्यात मोठा पुरावा आहे हे कळल्यावर बायांनी ती गाडग्यात, पत्र्याच्या डब्यात, देवाच्या टोपलीत जपून ठेवली.

आणि आता त्याच माणसांच्या अंगठ्यानिशी एक कागद तयार होणार. त्यावर लिहिलेलं असणार की जागा ग्रामपंचायतीची आहे आणि आम्ही तिच्या परवानगीनं तिथं राहतो. उद्या तहसीलला सुनावणी लागली की समोरचा वकील दुसरं काही करणार नाही, हाच कागद पुढं ठेवील. 'साहेब, हे स्वतःच कबूल करतात.' एका हापशाच्या बदल्यात इतक्या वर्षांचा नांगर गेला. शिवाय ते खोटंही आहे. गायरान सरकारच्या मालकीचं, पंचायतीकडं फक्त राखण. पंचायत परवानगी देणार कशाची?

दुसरा घात अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे. 'लाभार्थींची माहिती थोडक्यात.' मध्यस्थाची लेखणी इथं फार चालते. आम्ही वाचलेल्या अर्जात लिहिलं होतं, 'ही भटकी, निराधार, बेघर जमात असून पोटासाठी आज इथे तर उद्या तिथे पाल टाकते. सध्या दोन-तीन वर्षांपासून येथे आश्रयास आहे.' वाचून देणगीदाराच्या डोळ्याला पाणी येईल. पण दोन-तीन वर्षं म्हणजे 1990 च्या नंतर! आणि जो आज इथं उद्या तिथं, त्याचा कब्जा कसला? दया यावी म्हणून लिहिलेली ही तीन वाक्यं आपला दावा मुळापासून उपटून टाकतात.

पारध्याला भटका म्हणण्याची ही गोष्ट आजची नाही. 1871 साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ही माणसं फिरतात, म्हणून ती चोर, म्हणून त्यांना हजेरी लावा, तारेच्या आत ठेवा. सोलापूरचं सेटलमेंट आजही लोक त्याच नावानं ओळखतात. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा उठला, पण फौजदाराच्या डोक्यातून उठला नाही. तेव्हा तुम्ही फिरता म्हणून कोंडत होते. आता आम्ही एका जागी नांगर धरून बसलोय, तर देणगी पाहिजे असेल तर लिहून द्या की तुम्ही फिरता! आणि जातीच्या दाखल्याला गेलं की तिसराच साहेब विचारतो, 1950 च्या आधी तुझा आजा कुठं राहत होता त्याचा पुरावा आण. एकाला आम्ही 1950 पासून जागचे हललेलो नसावं असं वाटतं, दुसऱ्याला आम्ही कालच आलेलो असावं असं वाटतं. दोघांनी एकदा बसून ठरवावं.

आता दानाबद्दल. आपल्या तालुक्यात दानत कमी आहे असं कुणी म्हणू नये. आषाढीला माउलींची पालखी धर्मपुरीपासून आपल्या भागात शिरते, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी मुक्काम करत जाते. तुकोबांची अकलूजवरून जाते. त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगाला अन्नदान चालतं. कढईवर कढई, बुंदीचे ढीग, केळ्यांच्या गाड्या. जेवणाऱ्याला कुणी सात-बारा विचारत नाही, विचारूही नये. वारकरी आमचाही आहे, आमच्या म्हाताऱ्याही टाळ्या वाजवत दिंडीच्या कडेनं चालतात. पण त्याच दिवसांत आमची तरणी पोरं रस्त्याला दिसली की चौकशीला बोलावली जातात. त्याच रस्त्यावर एका दिवसाच्या जेवणाला कागद लागत नाही, आणि रोजच्या पिण्याच्या पाण्याला सात कागद लागतात. का? जेवून वारकरी पुढं जातो. हापसा बसला की माणूस तिथंच राहतो. आमचं राहणं नको आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हा दानाचा पैसा येतो कुठून? भाटघरचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्यानं आपल्या तालुक्यात आलं. ऊस झाला, कारखाने झाले, बागाईतदार झाले. सिलिंगच्या कायद्यानं कारखान्यांच्या जादा जमिनी निघाल्या, तर 1963 साली शेती महामंडळ निघालं. कालव्याच्या पाण्यातली ती जमीन भूमिहीनाच्या नावावर चढली नाही. महाराष्ट्रभर सहकारी कारखान्यांत शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून टनामागं रक्कम कापतात, कधी शिक्षणाच्या नावानं, कधी कसल्या निधीच्या. ऊस लावणारा शेतकरी, तोडणारा मजूर, आणि देणगीच्या पाटीवर नाव तिसऱ्याचंच. आम्ही ऊस तोडलाय, कालव्याची माती उपसलीय, द्राक्षाच्या बागा राखल्यात. तेव्हा अर्जाच्या शेवटी 'आम्ही आपले आजन्म ऋणी राहू' हे जे वाक्य छापलंय, ते आम्ही खोडतो.

मध्यस्थ सांगतो त्या संस्थेबद्दलही दोन शब्द. ट्रस्ट सुट्या माणसाला पैसे देत नाही, नोंदलेली संस्था मागतो, तीन वर्षांचा तपासलेला हिशेब मागतो. मग मध्यस्थ म्हणतो, आपण संस्था काढू. सात माणसं लागतात. त्याच्या यादीत आम्ही पाहिलं: तो स्वतः, त्याची बायको, मेव्हणा, दोन मित्र, आणि शोभेला आपले दोन अंगठे. सोलापूरला धर्मादाय कार्यालयात नोंद करायची, शंभरावर किलोमीटर, तिथं जाणार कोण? तोच. वस्तीवर खोली बांधली तर ती वस्तीची होत नाही. ती संस्थेची मालमत्ता म्हणून धर्मादायच्या रजिस्टरात चढते आणि तिचा कारभार विश्वस्तांच्या हातात जातो. उद्या विश्वस्तांनी कुलूप लावलं तर आपल्याच जमिनीवर आपण बाहेर. संस्था काढायची असेल तर सातही नावं वस्तीतली, त्यात निम्म्या बाया, आणि दप्तर वस्तीवर. एवढं जमेपर्यंत काढू नका.

देणाऱ्याचा हात आखडतो कसा, हे मोठ्या माणसांनाही चुकलेलं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1910 साली दुधगावात पोरांची सोय केली ती घराघरातून मूठ मूठ धान्य गोळा करून. पुढं रयत शिक्षण संस्था एवढी वाढली, सरकारी अनुदान घेऊ लागली. 1948 साली अण्णांच्या बोलण्याचा सरकारला राग आला आणि अनुदान बंद झालं. कर्मवीरांचं! गाडगेबाबांना मध्ये पडावं लागलं. संस्था टिकली कारण मूठभर धान्य देणारी घरं पाठीशी होती. आपण मोर्चा काढला, तहसीलपुढं बसलो, तर आपला देणगीदार किती दिवस आपला राहील?

मग पाण्याचं काय, असं आयाबाया विचारतात, आणि त्यांचा प्रश्न खरा आहे. मागच्या बैठकीत एक म्हातारी उठून म्हणाली, "तुमचं कागदाचं असू द्या. माज्या सुनंला दोन कोस जावं लागतंय. हापसा कुनाचा का आसंना, पानी पायजे." हिच्यापुढं भाषण चालत नाही. काही कार्यकर्ते म्हणतात दानाला हातच लावायचा नाही. आम्हाला ते पटत नाही. तहानेपुढं असली ऐट परवडते ज्याच्या घरी नळ आहे त्याला.

पण आधी हक्काचं मागा. 1977 चा रोजगार हमीचा कायदा आपल्या महाराष्ट्राचाच आहे. नमुना चारचा अर्ज द्या, पोच घ्या. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता लागू होतो. पुरेशा मजुरांनी एकदम मागणी केली तर नवं काम काढावं लागतं. वस्तीचा रस्ता, नालाबंडिंग, पाझर तलाव त्यात बसतात. त्यात मजुरीही मिळते आणि पाणीही मुरतं. हा पैसा कराचा आहे, त्यासाठी कुणाचं ऋणी व्हायला नको. हापसा त्यात बसत नाही, तो जिल्हा परिषदेकडं मागायचा. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून आदिवासी विकासाचा पैसा डोंगरपट्ट्यात वाटून झाल्यावर आपली आठवण निघते, तेही मागितलं तर. मागायचं लेखी, बसायचं दारात.

हे करूनही ट्रस्टकडं जायचं असेल तर जा. पण अर्ज आपण भरायचा. आपल्या पोरापोरींतली दहावी-बारावी झालेली आहेत, त्यांनी भरायचा, आणि अंगठ्याच्या आधी वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. मध्यस्थाला चहा पाजा, लेखणी देऊ नका. असा भरलेला अर्ज उलट आपल्याच कामाचा आहे. बसलेला हापसा, त्याच्या उद्घाटनाचा फोटो, ट्रस्टच्या माणसानं केलेली पाहणी हे सगळं आपण तिथं आहोत याचेच पुरावे होतात. म्हणून रकाने असे भरा.

'लाभार्थींची माहिती' इथं लिहा: 'फासेपारधी, अनुसूचित जमात. कुटुंबे इतकी. सन अमुकपासून या जागी कायम वस्ती व शेती.' सन खरा लिहा, म्हाताऱ्यांना विचारून लिहा. भटके, निराधार, बेघर, आश्रित यातला एकही शब्द नको.

रकाना नऊमध्ये लिहा: 'जागा सरकारी गायरान, गट नंबर अमुक. अर्जदारांचा 14 एप्रिल 1990 पूर्वीपासून प्रत्यक्ष कब्जा व वहिवाट. गाव नमुना एक-ई मध्ये नोंद. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयान्वये नियमित करण्याची मागणी प्रलंबित.' सोबत दंडाच्या पावतीची नक्कल जोडा. अस्सल पावती कुणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही. ज्यांचा नांगर त्या तारखेनंतरचा आहे त्यांनी ही ओळ लिहू नये. त्यांची वेगळी यादी चाललीय, त्यांनी संघटनेकडं यावं.

एवढं वाचून ट्रस्टनं अर्ज फेटाळला तर फेटाळू द्या. लेखी कारण मागा. 'जागा वादग्रस्त असल्याने' असं लिहून आलं तर तो कागदही डब्यात ठेवा, त्यावर तारीख असते. ज्या वस्त्यांवर अंगठे होऊन अर्ज गेलेत त्यांनी माळशिरसच्या बाजारच्या दिवशी संघटनेच्या पोरांना गाठावं, अर्ज मागे घेतल्याचं पत्र आम्ही तिथंच लिहून देऊ. त्याच्या दोन प्रती करायच्या. एक ट्रस्टला द्यायची, दुसरीवर त्यांचा शिक्का घेऊन घरी आणायची.