एसी घेताना विचारायचं ते

एप्रिल-मे आला की बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. मुंबईला सुखावणारा खारा वारा इथवर पोचेपर्यंत तापलेला असतो. एसी इथे आता चैन राहिलेली नाही. पण घेताना सगळे टन आणि स्टार विचारतात, तापमान राखणाऱ्या यंत्रणेबद्दल कुणी विचारत नाही. बिल तर तिच्यावरही ठरतं! १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीला २४ अंश हे मूळ तापमान केंद्र सरकारनं बंधनकारक केलं. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे. तरी घरोघरी रिमोट १८ वर. त्यानं खोली २४ पर्यंत लवकर येत नाही, कॉम्प्रेसर मात्र जास्त वेळ राबतो. दुकानात एवढं नक्की विचारा: वीज जाऊन आली की एसी आधीच्याच तापमानावर आपोआप सुरू होतो का? वळवाच्या वादळात वीज जाणाऱ्या गावात हे फार मोलाचं. रात्री तापमान हळूहळू चढवणारा स्लीप मोड आणि टायमरही हवाच. वायफायसाठी जादा पैसे मोजू नका. २६ अंश, सोबत पंखा आणि पहाटे बंद होणारा टायमर पुरतो.