पैसे येतात, पण मार्चमध्ये!

शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून सात-आठ महिने झाले तरी स्टेटस जागचं हललेलं नाही, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. फी आधी भरा, पैसे मागाहून येतील. कधी येतील? ते कुणीच सांगत नाही. तुम्ही निदान ओरडू तरी शकता. ऑफिसच्या खिडकीशी उभे राहता, ग्रुपवर चिडता, निवेदन देता. आता हेच तिसरीतल्या मुलाच्या बाबतीत घडलं तर? वर्गातला पंखा बंद, कारण शाळेचं वीजबिल थकलंय. बिल थकलंय, कारण अनुदान आलेलं नाही. त्याने निवेदन कुणाला द्यायचं?

विषय आहे जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांचा. दरवर्षी बजेट आलं की आपण एकच आकडा बघतो: शिक्षणाला किती कोटी मिळाले? पण हा अर्धाच प्रश्न झाला. 'किती'इतकंच महत्त्वाचं आहे 'कधी'.

थोडं गणित बघू. केंद्राच्या 'समग्र शिक्षा' योजनेत शाळांना पटसंख्येनुसार वार्षिक अनुदान मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. खडू, रजिस्टर, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छतागृहाची सफाई, सगळं त्यातच. छोट्या शाळेसाठी हे महिन्याला साडेआठशे रुपयेही होत नाहीत! आणि ही रक्कम तरी वेळेवर यावी ना? खर्चाचा वाटा केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४०. केंद्र हप्त्याने पैसे देतं, पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या खर्चाची उपयोगिता प्रमाणपत्रं मागतं. मग राज्य आपला वाटा घालणार, मग जिल्हा, मग तालुका, मग शाळा. वर एक फाइल अडली की खालची सगळी रांग अडते.

निवडणुकीचं वर्ष असलं की आणखी उशीर. खरं तर वर्षाच्या सुरुवातीपासूनच पैसा वापरता यावा, म्हणून केंद्राने २०१७ पासून बजेट १ फेब्रुवारीवर आणलं. पण २०२४ मध्ये आधी अंतरिम अर्थसंकल्प आले. राज्याचा पुढचा अर्थसंकल्प मांडला गेला २८ जूनला आणि केंद्राचा पूर्ण अर्थसंकल्प २३ जुलैला. राज्याच्या बहुतेक भागात शाळा तर जूनच्या मध्यालाच भरल्या होत्या. लेखानुदानावर पगार चालू राहतात, रोजचा कारभार चालतो. नवी कामं मात्र थांबून राहतात. पाऊस काही कुणासाठी थांबत नाही.

मग मोठी रक्कम येते कधी? अनेकदा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत. आणि ३१ मार्चच्या आत ती संपवायची असते, नाही तर परत जाण्याची भीती. जुलैत गळणारं छप्पर मार्चमध्ये कुणाला आठवणार? मुख्याध्यापक काय करणार, ज्याची बिलं पटकन मिळतात तेच घेणार. रंगरंगोटी होते, खरेदी होते, कागद पूर्ण होतात. गंमत बघा, वर्षाअखेरची अशी खर्चाची घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग, असं केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतच लिहिलंय. पण घाई करायला भाग पाडणाऱ्या उशिराचा जाब कोण विचारतो?

काही जण म्हणतील, अहो, सरकारी पैसा आहे, हिशेब नको का? हवाच. पण हिशेब मागणं वेगळं आणि हिशेबाच्या नावाखाली सहा महिने काढणं वेगळं. आणखी एक उत्तर नेहमी ऐकू येतं: "चांगले शिक्षक कुणाची वाट बघत नाहीत, लोकसहभागातून शाळा उभी करतात." अशा शाळा आहेत, त्यांचं कौतुक आहेच. पण लोकवर्गणी कुठे जमते? जिथे बागायत आहे, नोकरदार माजी विद्यार्थी आहेत, तिथे. ज्या पाड्यावरचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, तिथे वर्गणी मागायची कुणाकडे? तिथे गुरुजी-बाई स्वतःच्या खिशातून खडू आणतात, पोषण आहाराचा भाजीपाला दुकानातून उधारीवर येतो. म्हणजे कागदावर अनुदान दोन्ही शाळांना सारखं, पण उशिराची झळ मात्र गरीब शाळेलाच जास्त. खरा अन्याय हा आहे.

शिवाय लहान मुलाचं वर्ष परत येत नाही. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेत हेच दिसलं. स्वातंत्र्यदिन उलटून गेला तरी अनेक मुलांच्या अंगावर नवा गणवेश नव्हता. शेवटी डिसेंबरमध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. तोवर अर्धं वर्ष संपलं होतं.

तर, आपण काय करू शकतो? तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्यात तुमचे काका, वहिनी, शेजारी कुणीतरी असेलच. त्यांना एकच विचारा: यंदाचं अनुदान खात्यात कोणत्या तारखेला जमा झालं? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क दहा रुपये. गेल्या तीन वर्षांच्या फक्त तारखा मागा. तो कागद ग्रामसभेत किंवा नगरसेवकासमोर ठेवा. आणि मागणी साधी ठेवा: शाळेची घंटा वाजण्याआधी, म्हणजे जूनच्या आत, निदान निम्मं अनुदान खात्यात हवं.

पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बजेटचे आकडे स्टेटसला टाकाल, तेव्हा खाली एक ओळ जरूर जोडा: हे पैसे शाळेत पोचणार कोणत्या तारखेला?