चार टक्क्यांची वजाबाकी

रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण नव्या औषधावर किती वर्षं जगेल हे सांगणं म्हणजे निव्वळ ज्योतिष, असा निवाडा एका विद्वानांनी नुकताच दिला आहे. वीस वर्षं उलटल्याशिवाय वीस वर्षांचं बोलू नका, आणि जे आकडे हाती आहेत त्यांतही नव्याजुन्यात फरक जेमतेम चार टक्क्यांचा, असं त्यांचं म्हणणं. बाकी लेखभर औषध कंपन्यांना शिव्या आहेत. त्यातल्या निम्म्या मलाही मान्य आहेत.

हे चार टक्के आले कुठून? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावर, म्हणजे सीएमएलवर, इमॅटिनिबची गोळी 2001 साली बाजारात आली. त्याआधी 2000 मध्ये सुरू झालेल्या 'आयरिस' चाचणीत 1106 रुग्ण होते. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना इंटरफेरॉन-सायटॅराबिनची जुनी जोडी. दहा वर्षांनी गोळीच्या गटात सुमारे 83 टक्के हयात, दुसऱ्या गटात 79 च्या आसपास. विद्वानांनी लगेच वजाबाकी केली! पण त्या दुसऱ्या गटातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांना पुढे गोळीच सुरू झाली होती, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना तर वर्षाच्या आतच. कागदावर मात्र ते अखेरपर्यंत इंटरफेरॉनचेच राहिले, कारण ज्या गटात चिठ्ठी निघाली त्याच गटात माणूस मोजायचा, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे, तो लबाडी रोखतो. पण त्या 79 चं श्रेय इंटरफेरॉनला द्यायचं म्हणजे एका वाफ्याला पाणी द्यायचं, महिन्याभराने पाट दोन्हींकडे वळवायचा आणि सुगीला म्हणायचं, पाण्याने फारसं काही होत नाही. गोळीपूर्वीच्या काळात निम्मे रुग्ण तीन ते सहा वर्षांत दगावत. वजाबाकी करायचीच तर तिथून करा.

 

वीस वर्षं थांबण्याची गरज नाही. जिवंत असलेला रुग्ण जितका काळ दिसला तितका मोजायची रीत 1958 पासून रूढ आहे. उलट जुन्या पुस्तकांतले पाच वर्षं जगण्याचे आकडे आज कुणी सहसा पहिल्यांदा देत नाही अशा औषधांचे आहेत. ज्योतिष तेही, फक्त शिळं.

मग करावं काय? रुग्णाचं आयुष्य त्याच्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांशी ताडून पाहावं. स्वीडनमध्ये तसं पाहिलं, तेव्हा सीएमएलच्या रुग्णांचं आयुर्मान इतरांच्या बरंच जवळ आलेलं दिसलं. तो निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. आपले रुग्ण वयाने बरेच तरुण असतात, गोळ्याही अनेकांच्या मधेच चुकतात. तीव्र ल्युकेमियाला तर तो मुळीच लावू नये. डॉक्टरांनी आकडा जरूर सांगावा, पण वय, आजाराचा टप्पा आणि गोळीतली नियमितता त्याला जोडून.